सव्वासहा फुटांच्या फळ्या

मास्तरांनी कपाटं विकत घ्यायची ठरवली असती, तर त्यांच्या मेव्हण्याचा तिहेरी फायदा होता. एक तर दुकानाच्या दर्शनी भागात अकरा महिने ठाण मांडून बसलेली तीन पिस्ता रंगाची कपाटं एकदाची हलली असती. दुसरं, ती पूर्ण भावात गेली असती, कारण मास्तरांची बायको, म्हणजे त्याची ताई, सख्ख्या भावाशी घासाघीस करत नाही. आणि तिसरं, वर उपकारही नावावर जमा झाला असता, जो पुढची दहा वर्षं जेवताखाता काढून दाखवता येतो.

मेव्हण्याचं फर्निचरचं दुकान होतं, म्हणून घरात त्याला कपाटशेठ म्हणत. हे नाव ताईनेच ठेवलं होतं. ते कौतुकाने ठेवलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण नावात शेठ होतं, म्हणून त्याने चालवून घेतलं होतं. ती तीन कपाटं एका दवाखान्याने बनवून घेतली आणि ऐन वेळी नाकारली. एकेक दोन फूट रुंद आणि तब्बल अडीच फूट खोल. गिऱ्हाईक यायचं, दार उघडून आत डोकं घालायचं, "बापरे, केवढं" म्हणायचं आणि खुर्ची घेऊन जायचं. आता एक तारखेला नवे सोफे येणार होते आणि ते ठेवायला जागा एवढीच होती.

इकडे मास्तरांनी चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवून वर्षभरापूर्वी दुकान बंद केलं होतं, आणि मागच्या खोलीत सुतारकाम सुरू केलं होतं. दोन स्टुलं आणि एक पाट झाला होता. हत्यारं मात्र पन्नास माणसांना पुरतील एवढी जमली होती आणि सगळी जमिनीवर होती. ताईच्या पायाखाली रंधा आला त्या दिवशी तिने निकाल दिला.

"महिनाअखेर त्या खोलीत जमिनीवर एक खिळा जरी दिसला, तरी सगळं भंगारवाल्याला देईन. तुमच्यासकट."

"मला किती येतील?" मास्तरांनी विचारलं.

"वजनावर घेतो तो. फार नाही यायचे."

कपाटशेठ दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हजर झाला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतची मागची भिंत त्याने गुडघ्यावर बसून मोजली. सहा फूट दोन इंच. त्याची तीन कपाटं मिळून सहा फूट. देवानेच माप घेतल्यासारखं.

"भावोजी, ओळीने उभी करून देतो. उद्या टेम्पो, परवा तुमची हत्यारं आत. कशाला ताईचा ओरडा खाता?"

"मी बनवतोय," मास्तर म्हणाले. "यादी झाली आहे. वाच."

शिंप्याच्या खडूने, ब्लाउजची मापं मांडावीत तशी यादी मांडली होती. आडव्या फळ्या, सात. प्रत्येकी सव्वासहा फूट. कपाटशेठचं बोट तिथे क्षणभर थांबलं. जागा सहा फूट दोन इंच आणि फळी सहा फूट तीन. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. मास्तरांनी माया ठेवली होती. शिलाईसाठी जादा कापड सोडतात, ती माया. हात चाळीस वर्षांचा, त्याला काय ठाऊक की लाकूड दुमडून आत घेता येत नाही. आणि सात फळ्यांची इंचभर कड सरळ कापून काढणं दोन स्टुलांच्या सुताराला महिनाअखेरपर्यंत जमणार नव्हतं.

एका वाक्याचं काम होतं. भावोजी, इंचभर जास्त होतंय. पण हे वाक्य त्याला तीन कपाटांना पडलं असतं. त्याने यादीची घडी केली आणि परत दिली.

"छान आहे," तो म्हणाला. "द्या प्लायवाल्याकडे कापायला."

पुढचे तीन आठवडे त्याच्याइतका निवांत माणूस बाजारात नव्हता. मधे गुरांचा डॉक्टर दुकानात आला. त्याला औषधं ठेवायला खोल कपाटंच हवी होती आणि रंगाचं त्याला काही नव्हतं, कारण, त्याच्याच शब्दांत, "माझी गिऱ्हाइकं रंग बघत नाहीत." तो फक्त शेकडा दहा कमी करा म्हणत होता. कपाटशेठने हात जोडले.

"माल ठरलाय, डॉक्टर. घरचंच गिऱ्हाईक आहे. नाही कसं म्हणू?"

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो ताईकडे गेला. सांत्वनाची वाक्यं त्याने रस्त्यातच जुळवून ठेवली होती. कुणाच्याही हातून होतं भावोजी, हे एक होतं. मागच्या खोलीत सात फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, एकही बसवलेली नव्हती. त्याच्या जिवाला बरं वाटलं.

"बसत नाहीत का?" त्याने शक्य तेवढ्या दुःखाने विचारलं.

"अजून ट्रायल कुठे दिली?" मास्तर म्हणाले. "ये, टेप धर. तू त्या दिवशी खालचं माप घेतलंस ना? आता वरचं घे."

कपाटशेठ स्टुलावर चढला. छताखाली भिंत सहा फूट पावणेतीन इंच भरली. त्याने टेप सोडून पुन्हा धरला, तरी तेवढीच. मधे, कमरेच्या उंचीवर, सहा फूट एक.

"भिंत आहे का काय ही?" तो म्हणाला.

"बाई आहे," मास्तर म्हणाले. "खांदे रुंद, कंबर बारीक. कमरेच्या मापाने सातही फळ्या कापल्या असत्या तर वर हात जाईल एवढी फट राहिली असती."

"आणि त्या फटीत पालींनी बाळंतपणं केली असती," ताई दारातून म्हणाली.

मास्तरांनी एक फळी जागेवर धरली, पेन्सिलीला लाकडाचा छोटा ठोकळा बांधला आणि ठोकळा भिंतीला चिकटवून ओढत नेला. भिंत जिथे फुगली होती तिथे रेघही वळली. तेवढंच त्यांनी कापलं, कडेवर रंधा मारला आणि फळी जागी सरकवली. ती अशी बसली की मधे कागदही गेला नसता. दुसरीला इंचभर कापावं लागलं, तिसरीला दोन, सगळ्यात वरच्या फळीला जेमतेम पाव. एकही फळी वाया गेली नाही. कपाटशेठ बघत राहिला. असं अंगासरशी बसलेलं कपाट त्याने तेवीस वर्षांत विकलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला आवडत होती याचाच त्याला राग येत होता.

ताई चहा टाकायला आत गेली. मास्तरांनी रंधा थांबवला नाही.

"त्या दिवशी तुझं बोट सव्वासहावर थांबलं होतं," ते म्हणाले.

"कुठे काय."

"माप देताना पोट आत घेणारी गिऱ्हाइकं चाळीस वर्षं पाहिलीत मी. त्यांनाही वाटायचं, मास्तरांना कळत नाही."

कपाटशेठने कपाळ पुसलं. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलतोस का, ते बघत होतो."

चहा घेऊन ताई आली. "काय बोलायचं होतं याने?"

कपाटशेठ टेप गुंडाळू लागला. मास्तरांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"काही नाही. पडेल ते काम करतो म्हणत होता. दारं बसेपर्यंत थांबणार आहे."

तो थांबला. सहा दारं त्याने एकेक करून हातांवर तोलून धरली आणि मास्तरांनी सावकाश, फार सावकाश, बिजागऱ्या बसवल्या. संध्याकाळी जमिनीवर खिळा सोडा, भुसाही नव्हता. ताईने सगळी दारं उघडून मिटली आणि म्हणाली, "बरं झालंय." तिच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे मोठंच बक्षीस.

सोमवारी सकाळी कपाटशेठने गुरांच्या डॉक्टरला फोन लावला आणि शेकड्याला वीस कमी करतो म्हणून सांगितलं. डॉक्टरने आधीच दुसरीकडून कपाटं घेतली होती. मंगळवारी सोफे आले. तिन्ही कपाटं दुपारी टेम्पोत चढली आणि कपाटशेठच्याच बैठकीच्या खोलीत उतरली, कारण दुसरं कोणतंही दार त्यांना आत घ्यायला तयार नव्हतं. त्याच्या बायकोने त्यांना एक प्रदक्षिणा घातली. मग ती दुकानात गेली, नव्या मालातला सगळ्यात महाग सोफा तिने बसून पाहिला आणि उठलीच नाही.

शेवटी कुणी काय दिलं ते असं. प्लायचे आणि बिजागऱ्यांचे पैसे मास्तरांनी दिले, आणि ते तीन कपाटांच्या भावाच्या निम्मे होते. ताईने सात कप चहा दिला. गुरांच्या डॉक्टरने काही दिलं नाही, कारण घेतलं नाही. बाकी सगळं कपाटशेठने भरलं: एक गिऱ्हाईक, एक रविवार, टेम्पोचं भाडं, आणि एक सोफा, ज्याच्यावर बायकोने शेकडा एकही कमी मागितला नाही, कारण ती पैसेच देणार नव्हती.