गल्लीवर टांगलेली लुंगी

मित्रांनो, मी म्यानमारच्या मंडाले शहरातल्या न्वे यिन नावाच्या बाईची जुनी लुंगी आहे. आमच्याकडे बायका रोज लुंगीच नेसतात. त्या शेवटच्या साध्या सकाळी तिने मला भाताच्या पेजेची खळ दिली आणि परसातल्या बुटक्या दोरीवर वाळत घातले. दोरी बुटकीच हवी. बाईच्या लुंगीखालून गेले की पुरुषाचे तेज जाते, असे आमचे लोक मानतात.

माझा जन्म शेजारच्या अमरपुऱ्यात हातमागावर झाला. अंगावर लाटांची नक्षी होती. मला नेसून न्वे यिन पॅगोड्यात गेली की बायका वळून बघत. पुढे कड विरली आणि मी घरकामाला लागले.

त्या वर्षी लष्कराने सरकार बळकावले. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा सैनिकांनी गोळ्या घातल्या. आता आशा होती ती बाहेरच्या जगाची. न्वे यिनच्या लेकीला, सू लेईला, इंग्रजी येई. मोठ्या देशांची पत्रके ती रोज फोनवर बघून गल्लीला वाचून दाखवी. त्या सकाळीही परसात माणसे जमली.

"आज काय म्हणतात गं?" शेजारच्या बा फ्यू काकांनी विचारले.

"तीव्र चिंता वाटते म्हणे."

"कालही तीव्रच होती. एवढा ताप असता तर मी एव्हाना आटोपलो असतो!"

सगळे हसले. न्वे यिन हसली नाही. "येणार कधी, ते बघ ना, बाळा."

सू लेईने आईकडे पाहिले आणि पत्रकात नव्हते ते वाचले. "येतायत. उद्या त्यांची माणसं इथं असतील. त्यांच्यासमोर सैनिक गोळी नाही झाडणार."

दुसऱ्या दिवशी बायकांनी गल्लीच्या तोंडाशी उंच आडवा दोर ताणून लुंग्या टांगल्या; त्याचे एक टोक न्वे यिनने धरले होते. मी मधोमध होते. सैनिक आले आणि खरेच थबकले. तेज जायची भीती बंदूकवाल्यांनाही असते. एक जण गाडीच्या टपावर चढून आम्हाला काठीने ओढू लागला. तेवढ्यात निदर्शने करणारी पोरे पळाली.

"वहिनी, आत चला!" काका ओरडले.

"कशाला? आज बघणारे आहेत ना!" न्वे यिनने दोराचे टोक सोडले नाही.

गोळी एकच झडली. दोर सुटला आणि मी तिच्यावर पडले.

माझे छायाचित्र परदेशी वर्तमानपत्रांत छापून आले. चिंता अतितीव्र झाली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. दुरून कोणी तुमच्यासाठी शब्द पाठवले, तर ते असतील तेवढेच वाचा. कोणीतरी त्यांच्या भरवशावर दारात उभे असते.

सातव्या दिवशी भिक्षूंना जेवण घातले. तोवर गेलेले माणूस घरातच असते म्हणतात. भिक्षू उठायच्या आत सू लेईने मला मांडीवर घेतले आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली,

"आई, ते येणार असं कुठंच लिहिलं नव्हतं गं. मी माझ्या मनाचं वाचलं."