सहा खणांतलं गावचं पाणी

मित्रांनो, मला उचलायला जाल तर कंबरेत उसण भरेल, म्हणून लांबूनच ऐका. मी एक जुनी बॅटरी आहे. बारा व्होल्टची, काळ्या खोक्याची, सहा बुचांची. इंदापुरात मानसिंगरावांच्या दुकानामागे भंगाराच्या ढिगात एका फाटक्या टायरशेजारी मी पडून असते. टायर दिवसभर आपल्या प्रवासाच्या बढाया मारतो. माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, पण ती सुरू केली की तोही गप्प बसतो.

माझा जन्म बारामतीचा. एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात शिशाच्या जाड पट्ट्या रचून माझ्या पोटात सहा खण भरले आणि वर तेजाब ओतलं. मी तिखट आहे असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही, कारण ते खरंच आहे. ब्याण्णव साली मी टेम्पोतून इंदापूरला मानसिंगरावांच्या फळीवर आले. तिथं म्हस्कूनं मला पाहिलं.

म्हस्कूच्या बापाची मेंढरं होती. पुढं उजनी धरणाचा फुगवटा आला आणि चराईचा माळ, गाव, गावातलं बिरोबाचं देऊळ, सारं पाण्याखाली गेलं. बाप ती हाय खाऊन गेला. म्हस्कूनं मेंढरं विकून होडी घेतली आणि ज्या माळावर तो लहानपणी कोकरं राखायचा, त्याच माळावरच्या पाण्यात जाळी टाकू लागला. होडीला हातानं फिरवून चालू करायचं लहान डिझेल इंजिन होतं. त्याला आता एक दिवा आणि एक भोंगा लावायचा होता. थंडीत पहाटे फुगवट्यावर असं धुकं उतरतं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही.

म्हस्कूचा डोळा एका जुन्या ट्रकच्या बॅटरीवर होता. मानसिंगरावांनी मान हलवली.

"म्हस्कूराव, ती शर्यतीचा बैल हाय. एका दमात जोर लावती, मग गाडीचं इंजिन तिला परत भरून देतं. तुमच्या इंजिनाला भरून द्यायची सोय न्हाय. तुमी दिवा-भोंगा हळूहळू वापरणार, तवा जाड पट्ट्यांचीच घ्या. ही बघा."

म्हस्कूनं मला दोन्ही हातांनी उचलून तोललं, कुशीवर थाप मारली, एक बूच काढून आत डोकावला. बाजारात एडका घेताना बघतात, अगदी तसंच. "दात तर बरं हायती," तो म्हणाला. मला त्याचा रागच आला होता. पण त्यानं मला खांद्यावर घेतलं, आणि तो खांदा मला आवडला.

मानसिंगरावांनी निघताना बजावलं, "पट्ट्या कधी उघड्या पडू देऊ नका. पाणी घालायचं ते बाटलीतलं, बॅटरीचंच. हिरीचं न्हाय, बोअरचं न्हाय, धरणाचं तर मुळीच न्हाय. टोकांना ग्रीस लावा. आन् रिकामी ठेवू नका, भरून घेत जावा."

म्हस्कूनं सारं पाळलं. माझ्यासाठी लाकडी पेटी केली, होडीच्या तळात साचणारं पाणी लागू नये म्हणून ती उंच फळीवर बांधली. दर आठवड्याला एस.टी.नं इंदापूरला नेऊन मला भरून आणायचा. वस्तीवर लोक चेष्टा करत, "म्हस्कू, बॅटरीला माहेरी नेतूस व्हय रं?" तो हसायचा. तीन वर्षं मी अशी लाडाकोडात काढली.

धुक्याच्या दिवसांत आमचा एक नेम होता. जाळी ओढून झाली की म्हस्कू दोनदा भोंगा वाजवायचा. तो ऐकला की काठावर नकोशी, म्हणजे त्याची बायको, पितळी थाळी बडवायची. त्या आवाजाच्या रोखानं होडी घरी यायची. भोंगा नाही तर थाळी नाही, आणि थाळी नाही तर घर कुठल्या बाजूला, हे फुगवट्यात कुणालाच सांगता येत नाही. त्याच्या जिवाची दोरी माझ्या पोटातून गेली होती म्हणा ना. याचा मला मोठा तोरा होता.

म्हस्कूची आई धोंडाबाई मात्र काठावर कधी यायची नाही. घराचं दार पाण्याकडं होतं, तर ती मागच्या अंगाला बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "गाव हाका मारतंय मला. तोंड फिरवलं तर जावं लागंल." फक्त खंडेनवमीला ती पाण्याचं नाव काढायची. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. तेव्हा म्हस्कूनं बुडालेल्या देवळाच्या नेमकं वर जाऊन तांब्याभर पाणी आणायचं. ते तिच्या लेखी बिरोबाचं तीर्थ. लोकर कातरायच्या जुन्या कात्रीवर, इंजिनावर, वल्ह्यावर ती ते शिंपडायची. माझ्याही झाकणावर चार थेंब पडायचे. त्यानं काही बिघडत नाही.

पंच्याण्णव सालच्या खंडेनवमीला म्हस्कू होडी धूत होता. नकोशी पोळ्या लाटत होती. माझी बुचं पुसण्यासाठी काढून ठेवली होती. धोंडाबाई तांब्या घेऊन माझ्याजवळ बसली. मुलगा या भोकांतून हिला पाणी पाजतो हे तिनं पाहिलं होतं. आज सणाच्या दिवशी हिला उपाशी कशी ठेवायची? तिनं सहाही खणांत तीर्थ ओतलं. "पी बये," ती म्हणाली. "गावचं पाणी हाय. माझ्या लेकराला सांभाळ."

एवढ्या मायेनं कुणी माझ्या पोटात विष घातलं नव्हतं.

म्हस्कूला कळलं तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी मला घेऊन दुकानात आला. मानसिंगराव म्हणाले, "तासाभराचं काम. हे वतून टाकतो, नवं तेजाब भरतो."

"देवाचं पाणी गटारात वतू व्हय, मानसिंगराव?"

"मग बॅटरी जाईल."

"जाऊ द्या. पर तीर्थ वतायचं न्हाय."

आणि मित्रांनो, तशीच मी परत आले. त्या दिवसापासून माझ्या खणांत मी एकटी राहिले नाही.

सुरुवातीला नुसता वास होता, विझलेल्या चुलीच्या ओल्या राखेचा. मग आवाज आले. पहिल्या खणात कुणीतरी जातं ओढायचं. तिसऱ्यात गोठ्याचं फाटक लागायचं आणि पुन्हा उघडायचं. सहाव्यात मेंढरं होती. ती ओरडत नसत, नुसती चालत असत, शेकडो खुरं, न थांबता. मी भित्री नाही. पण आपल्याच पोटात कुणी चालत असेल तर झोप कशी लागावी?

मग इतरांनाही दिसू लागलं. एकदा भर दुपारी होडी देवळावरून जात होती. बटण बंद होतं, तरी माझा दिवा लागला. पिवळा, मिणमिणता. देऊळ मागं पडलं तसा तो विझला. म्हस्कूनं पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर तो देवळाला वळसा घालून जाऊ लागला. तिकडं माझ्या पट्ट्या झडत होत्या, टोकांवर पांढरी बुरशी चढत होती. भरून आणलं तरी दोन दिवसांत माझ्या अंगातलं बळ जायचं. नवी बॅटरी घ्यायला हवी हे त्याला कळत होतं. पण जिच्यात तीर्थ आहे ती टाकायची कशी, इथं त्याचं घोडं अडलं होतं.

पौषातली ती सकाळ. उजाडलं होतं, पण धुकं इतकं की उजेड नुसता पांढरा, त्याला दिशाच नव्हती. म्हस्कू वळसा चुकला. धरणाचं पाणी उतरलं होतं; जाळं देवळाच्या शिखरात अडकलं, होडी हिसक्यानं फिरली, तळाची फळी शिखरावर घासून फुटली. जाळ्याचा दोर होडीखालच्या पंख्याला गुंडाळला गेला आणि इंजिन बंद पडलं. पाणी आत येऊ लागलं. म्हस्कूनं कोयत्यानं जाळं तोडलं आणि माझ्या बटणावर हात ठेवला.

मी पहिल्यांदा कण्हले. दुसऱ्यांदा उचकी दिली. तिसऱ्यांदा काहीच नाही. मी मनापासून सांगते, मी सारा जीव लावला होता, पण लावायला जीवच उरला नव्हता. काठावरून थाळीचा आवाज आला नाही. म्हस्कू डब्यानं पाणी उपसू लागला. त्याला पोहता येत होतं, पण पोहायचं कुठल्या बाजूला?

तेवढ्यात माझ्या पोटातली खुरं थांबली. जातं थांबलं. फाटक लागलं, ते पुन्हा उघडलं नाही.

आणि भोंगा वाजला. भसाड्या, भरल्या आवाजात, जसा मी नवी असताना वाजत असे तसा. म्हस्कूचे दोन्ही हात डब्याला होते. त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"कोण हाय?" त्यानं विचारलं.

घाबरून त्यानं माझ्या टोकावरची वायर उपटली. ती त्याच्या मुठीत लोंबत होती, आणि भोंगा वाजतच होता. मग दूर, त्याच्या पाठीमागून, थाळी ऐकू आली. तो ज्या बाजूला तोंड करून होता, त्याच्या अगदी उलट बाजूनं.

म्हस्कूनं वायर टाकून वल्हं घेतलं. तो रडत होता. "वाजीव," तो म्हणाला, "वाजीव बाबा, थांबू नगंस." काठाची बाभूळ दिसेपर्यंत भोंगा थांबला नाही.

काठावर नकोशी उभी होती, पण थाळी तिच्या हातात नव्हती. बडवून बडवून तिचे हात भरून आले होते. थाळी धोंडाबाई बडवत होती, गुडघाभर पाण्यात उभी राहून. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा पाण्याकडं तोंड करून होती.

"आवो, सारखा वाजवत हुता, मग येत का नव्हता?" नकोशीनं विचारलं.

म्हस्कूनं उपटलेल्या वायरीचा मुठीतला वळ दाखवला आणि झालं तेवढं सांगितलं. धोंडाबाईनं थाळी खाली केली.

"मला वाटलं, गाव बोलवतंय," ती म्हणाली. "बोलवत न्हाय रं ते. घरी जा म्हणतंय. इतकी वरसं तेच म्हणत आसंल, मीच पाठ करून बसले."

दुसऱ्या दिवशी मानसिंगरावांनी तेजाब मोजायची काचेची नळी घालून माझे सहाही खण तपासले. "हिच्यात गेले चार-पाच दिवस तरी जीव न्हाय," ते म्हणाले. म्हस्कू म्हणाला, "काल सकाळी ही अर्धा तास वाजली." मानसिंगराव हसले. मग त्याचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. या खेपेला धोंडाबाई सोबत आली होती. माझ्या झाकणावर हात ठेवून तीच म्हणाली, "वता आता." माझं पोट रिकामं झालं.

म्हस्कूकडं आता नवी बॅटरी आहे, आणि बाटलीतलं पाणी संपलं की धोंडाबाईच त्याला आठवण करून देते. मी इथं कोरडी बसले आहे. माझ्या खणांत आता कुणी चालत नाही. मला त्या खुरांची फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला स्वच्छ पाणी घाला, रिकामी ठेवू नका, टोकं पुसत जा. आमच्या पोटात माया ओतू नका, ती आम्हाला पचत नाही. ज्यांच्यावर माया आहे, त्यांच्यासाठी आम्हाला नीट ठेवा. आणि कधी पांढऱ्या धुक्यात पाण्यावरून हाक आली, तर ती जित्याची की गेलेल्याची, हे विचारत बसू नका. आधी ओ द्या. कुणीतरी कुणालातरी घरी पाठवत असतं.