गिळलेले दोन पाच

मी संशयी आहे असं लोक म्हणतात. कोण कोण म्हणतं ते मी लक्षात ठेवतो.

बायकोचं म्हणणं, दूध उतू गेलं तरी मी आधी शेगडीवर आळ घेईन. घेईन की! चोवीस वर्षं रंगाच्या दुकानात शेड जुळवून देतोय. गिऱ्हाईक वाळलेला डबा पुढे करून "अगदी हाच रंग होता" म्हणतं, आणि तो कधीच तो नसतो. रोलर कबुतरांच्या क्लबने मला पंच केलं ते याच नजरेसाठी. एका बहाद्दराने पांढऱ्या पंखांना केसांचा कलप लावून ते कबुतर यादीत 'काळं' म्हणून घातलं होतं. मी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि तो बोळा त्याच्या नाकासमोर धरला. तेव्हापासून मी दारात दिसलो की भले भले उगाचच घसा खाकरायला लागतात.

त्या रविवारी ज्या गच्चीवर मला जायचं होतं ती माझ्या दादाची. दादाला जाऊन सात महिने झाले होते. त्याआधीचं दीड वर्ष आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नव्हतो.

कारण सांगतो. माझी एक विटकरी रंगाची मादी होती. रोलर कबुतर उडता उडता मागच्या मागे कोलांट्या घेत सरळ खाली येतं आणि सावरून परत थव्यात जातं, हे ज्याला माहीत नाही त्याने एकदा बघावं. वाईट कबुतर पंख फाकवून फडफडत उलटतं. चांगलं कबुतर इतकं घट्ट फिरतं की नुसता चेंडू दिसतो. माझी विटकरी चेंडू व्हायची, आणि थांबताना डाव्या अंगाला अर्धी गिरकी जास्त घ्यायची. ती तिची खोड. शंभर कबुतरांत मी तिला ओळखलं असतं.

एके दिवशी ती परत आलीच नाही. दादाचं घर दोन गल्ल्या पलीकडे, आणि तिच्यावर त्याचा डोळा होताच, जोडी लावायला दे म्हणून तो मागे लागला होता. त्याच संध्याकाळी क्लबच्या खोलीत बारा जणांसमोर मी म्हणालो, "चोर शोधायला लांब कशाला जायचं? माझ्याच आईच्या पोटचा आहे." दादा समोरच्या खुर्चीत बसला होता. तो उठला आणि निघून गेला. उलट एक शब्द बोलला नाही, आणि मी म्हटलं, बघा, गप्प बसला!

आता क्लबचा नियम असा. सभासद गेला तर त्याचा थवा घरच्यांच्या नावावर त्या हंगामात एकदा उडतो. साठ गुण मिळाले तर थवा घरात राहतो, नाहीतर चिठ्ठ्या टाकून कबुतरं सभासदांत वाटली जातात, कारण मूळ जोड्या क्लबने दिलेल्या असतात. वहिनीचा तो एकच डाव होता. पंच म्हणून मी जावं यावर कोणी हरकत घेतली नाही. दादाच्या घराला माझ्याकडून सूट मिळेल अशी भीती कोणाला वाटणार!

वहिनीने गच्ची झाडून घेतली होती. कबुतरांच्या ढाबळीच्या फळ्या खरवडून स्वच्छ केलेल्या, पाण्याची भांडी घासलेली. मला बघून ती म्हणाली, "या भावोजी," आणि प्लॅस्टिकची एक खुर्ची पुढे सरकवली. दादाचं आजारपण सुरू झाल्यापासून कबुतरांचं सगळं तीच बघत होती. माझ्याबरोबर गुण लिहायला सलूनवाला होता. हा माणूस कात्री चालू असली की बोलायचा थांबत नाही, पण कागद हातात आला की देवळात बसल्यासारखा गप्प होतो.

"एक सांगते," वहिनी त्याच्याकडे बघत पण मला ऐकू जाईल असं म्हणाली. "घरात आवाज म्हणून यांचाच उरलाय. सकाळी उठायला कारण लागतं माणसाला. बाकी तुमचं चालू द्या."

मला वाटलं, हा पंचाला विरघळवायचा प्रकार आहे. मी यादी मागितली. वीस कबुतरं, प्रत्येकाच्या पायातल्या रिंगचा नंबर आणि पुढे रंग. मग मी शिट्टी वाजवली आणि तिने दार उघडलं.

वीस मिनिटांचा खेळ असतो. पाच किंवा जास्त कबुतरं एकाच क्षणी उलटली तरच मोजायचं, आणि त्यातही ढिली फिरणारी वगळायची. ढिलं कोणतं आणि घट्ट कोणतं, ते पंच ठरवतो. पंचाने आकाशावरची नजर न काढता आकडा मोठ्याने म्हणायचा आणि लेखनिकाने तो लिहायचा. त्या क्षणी जो आकडा म्हटला नाही तो मिळत नाही. नंतर आठवून काही वाढवता येत नाही, नाहीतर प्रत्येक पंच घरी जाऊन उदार होईल.

"सहा!" मी म्हणालो. "पाच!" मग "आठ!" थवा चांगला बांधलेला होता. एकत्र उडत होता, एकत्र उलटत होता. दादाचा हात दिसत होता त्यात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही.

सातव्या मिनिटाला पाच उलटली. त्यातली एक काळी मादी चेंडू झाली, खाली आली, आणि थांबताना तिने डाव्या अंगाला अर्धी गिरकी जास्त घेतली.

ती गिरकी मी ओळखली. तोंड उघडं होतं, त्यात 'पाच' होता, तो मी गिळला. रंग काळा असला म्हणून काय झालं? रंग माणसाने दिलेलाही असतो. माझी विटकरी कोणीतरी काळी करून माझ्याच डोळ्यांसमोर उडवत होतं, आणि तिचे गुण मी त्यांनाच द्यायचे? ती वगळली तर राहतात चार, आणि चाराला काही नाही.

बाराव्या मिनिटाला पुन्हा तेच. पाच उलटली, पाचवी ती. मी गप्प. सलूनवाल्याने पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आभाळाकडे बघ."

वेळ संपली. त्याने बेरीज केली, पुन्हा केली, आणि हळू आवाजात म्हणाला, "चौपन्न."

वहिनीने आकडा ऐकला. पदराने हात पुसले, खरं तर ते कोरडेच होते, आणि दाण्याचा डबा वाजवून कबुतरं आत बोलावली. मला तेव्हाही दया आली नाही. मी खिशातून स्पिरिटची बाटली काढली.

"आता तपासणी," मी म्हणालो. "ती काळी मादी द्या. डावीकडे वळणारी."

तिने आणून दिली. मी बोळा भिजवला आणि पंखाच्या बुडाशी घासला, तिथे कलप जाड बसतो. बोळा पांढरा. मानेवर घासला. पांढरा. शेपटीवर, पोटावर, डोळ्याच्या कडेला. मादी माझ्या मुठीत थरथरत होती आणि बोळा पांढराच.

"रंग सुटत नाहीये का, भावोजी?" वहिनी म्हणाली. "घासा अजून. कातडी निघेपर्यंत घासा."

मी रिंग बघितली. रिंग पिल्लू आठवड्याचं असतानाच पायात सरकवतात. मोठ्या कबुतराला ती घालता येत नाही, कापून सांधली तर सांधा लागतो. मी नख फिरवलं. सांधा नव्हता. रिंगवर गेल्या वर्षाचा आकडा होता. माझी विटकरी पाच वर्षांची.

"मग ही अशी फिरते कशी?" मी ओरडलोच. "ही गिरकी माझ्या मादीची आहे!"

"आईची आहे," वहिनी म्हणाली.

मला काही क्षण कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली, कारण हे मला ठाऊक असायला हवं होतं. विटकरी मादी आणि काळा नर अशी जोडी लावली की मुलगे विटकरी होतात आणि मुली बापाच्या रंगावर जातात. हे मी नवख्या सभासदांना स्वतः शिकवतो. दादाकडे काळा नर होता. रंगाचा एवढा जाणकार मी, आणि रंग बघून कलपापलीकडे माझं डोकं गेलं नाही.

"म्हणजे होती तर त्याच्याकडे," मी म्हणालो. "म्हणजे मी खोटं नव्हतो बोललो."

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाटलीचं झाकण लावू लागलो.

"दुपारी आमच्या गच्चीवर पडली ती," तिने सांगितलं. "ससाण्याने पंख फाडलेला, हाड बाहेर आलेलं. यांनी टाके घातले. मी म्हटलं, आत्ताच नेऊन द्या. म्हणाले, रात्रभर टाका धरू दे, हलवली तर मरेल. संध्याकाळी क्लबात गेले ते तुम्हालाच सांगायला." तिने खालच्या कप्प्याची कडी काढली. "परत आले तेव्हा पांढरेफटक पडले होते. म्हणाले, आता नेऊन दिली तर चोराने माल परत केला म्हणतील. त्याला येऊन मागू दे, मग देईन. रोज संध्याकाळी खिडकीत बसायचे. मी हजारदा म्हटलं, तुम्ही जा, मोठे आहात. पण तुम्ही दोघं एकाच मातीचे."

"आणि पिल्लू?"

"नर-मादी एका ढाबळीत असली की पिल्लं होतात, त्याला मी काय करू?"

सलूनवाला खोकला. वहिनीने खालच्या कप्प्याची जाळी उचलली. आत विटकरी बसली होती. उजवा पंख वाकडा, जमिनीला टेकलेला. उडणं तिच्या नशिबातून कायमचं गेलं होतं. पण पिसं तुकतुकीत होती, कप्प्याला बुटकी पायरी केलेली होती, तिला चढता यावं म्हणून. पायरीच्या कडा कानशीने गोल केलेल्या होत्या. दादा कोणतीच कड टोकदार सोडत नसे. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. संशयी माणूस रडताना बरा दिसत नाही, सलूनवाला दुसरीकडे बघत होता.

"घेऊन जा तिला," वहिनी म्हणाली. "बाकीची तर तुमच्या लोकांत वाटली जाणारच आहेत."

मी उठलो आणि सलूनवाल्याच्या दंडाला धरून थेट क्लबच्या सेक्रेटरींच्या दुकानात गेलो. त्यांचं मेडिकलचं दुकान आहे. रविवारी अर्धं शटर खाली करून ते औषधांच्या मुदती तपासत बसतात. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोनदा पाच होते, दोन्ही मी जाणूनबुजून गिळले. खरे गुण चौसष्ट.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पंच म्हणाला नाही तो आकडा नाही. नियम तुम्हीच लिहून घेतलाय आमच्याकडून."

"मग दुसरा पंच पाठवा. थवा पुन्हा उडवा."

"आणि तुम्ही आज हे सांगताय ते खरं कशावरून?" ते शांतपणे म्हणाले. "तासभर वहिनीच्या घरी होतात. विधवा बाई, रडली असेल. तुम्हाला पाझर फुटला असेल. उद्या कोणीही पंच येऊन म्हणेल, मी दोन आकडे गिळले. कसं चालायचं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

"ह्याला विचारा," मी सलूनवाल्याला पुढे केलं.

"तोंड उघडलं होतं यांनी," सलूनवाला म्हणाला. "दोन्ही वेळा. आवाज नाही आला. मला वाटलं, जांभई."

सेक्रेटरींनी हातातली औषधाची पट्टी खाली ठेवली. मग त्यांनी क्लबचा छापील कागद काढला. "लिहून द्या. हेतुपुरस्सर गुण दाबले म्हणून. शिट्टी आजच जमा करायची, आणि पुन्हा कुठल्याही ढाबळीवर पंच म्हणून पाय ठेवायचा नाही. जन्मभर. तरच पुढच्या रविवारी थवा पुन्हा उडेल. विचार करा."

मी गळ्यातली शिट्टी काढून खोकल्याच्या बाटल्यांशेजारी ठेवली आणि लिहिलं. अक्षर वाचण्यासारखं आलं.

"आणि त्या काळ्या मादीवर किंवा तिच्या आईवर उद्या हक्क सांगायला येणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तेही लिहा."

तेही लिहिलं. खाली सही केली. सलूनवाल्याने साक्षीदार म्हणून केली. सेक्रेटरींनी कागद उलटसुलट करून पाहिला, प्रकाशात धरला, आणि घडी घालून गल्ल्यात ठेवला.

"झालं," ते म्हणाले. "जा आता."

"अजून एक कागद द्या."

"कशाला?"

"क्लबच्या खोलीत, बारा जणांसमोर, मी माझ्या भावाला चोर म्हटलं होतं."

"अहो, ते कुठे नोंदलेलं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "त्याची काही गरज नाही."

"बारा जणांनी ऐकलंय," मी म्हणालो. "त्यातले अकरा अजून जिवंत आहेत. कागद द्या."