भावजयीचं पिवळं फूल

डोंगरावरची पिवळी रानफुलं ओळखायची म्हणजे डोक्याला ताप. सगळी डेझीच्या कुळातली, सगळी पिवळी, सगळी तोंड वर करून हसणारी. पण वनस्पती संग्रहालयात पिवळीताई होती, तोवर कुणाला काळजी नव्हती. हे नाव तिला तिथल्या साहेबांनीच पाडलं होतं. फूल हातात आलं की ती आधी ते उलटं करायची, पाकळ्यांखालचे हिरवे खवले पाहायची, देठ मोडून दूध येतं का बघायची, आणि जात सांगून मोकळी व्हायची. उभा जन्म यात गेला, पण अजून कुणालाच ठाऊक नसलेली, नवीकोरी जात काही तिच्या हाती लागली नव्हती. तेवढं एक मनात सलत होतं.

आणि मग तिच्या भावाची बायको त्याच खोलीत नोकरीला लागली.

घरी आई उठता-बसता म्हणायची, "सूनबाई हुशार हो!" भाऊ तर काय, बायकोच्या कौतुकात आकंठ बुडालेला. तेही एक वेळ चाललं असतं. पण इथेही, टेबलाला टेबल लावून? पिवळीताईच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भावजय मात्र "ताई, हे बघा ना", "ताई, ते सांगा ना" करत दिवसभर मागे मागे.

एका गुरुवारी भावजय डोंगरावरून आली. बुटांना चिखल, उन्हाने सोललेलं नाक, आणि पिशवीत मुळांसकट उपटलेली चार-पाच पिवळी रोपं. पिवळीताईने एक फूल उलटं केलं आणि पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिलं. खवल्यांवर काळी लव, पानांना देठाशी कानांसारख्या पाळ्या. असलं तिने कधी पाहिलं नव्हतं. अगं बाई, हिला? या कालच्या पोरीला? पहिल्याच खेपेला?

"नेहमीचंच आहे," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "पानं जरा वेगळी दिसतात हो. वाळू दे, सोमवारी नीट बघू."

भावजयीने रोपं कागदात पसरली, वर टीपकागद घातले, फळ्यांमध्ये दाबून पट्टे आवळले. "ताई, हे वाळवायच्या गरम कपाटात ठेवू ना?"

आता यातली गोम अशी, की या कुळातलं फूल खुडलं तरी लगेच मरत नाही. सावकाश वाळत ठेवलं तर अंगातल्या ओलाव्यावर ते आतल्या आत बी धरतं, आणि कागद उघडावा तर फुलाच्या जागी नुसता कापूस. असला विस्कटलेला नमुना साहेब बघतही नसत. म्हणून असली रोपं थेट गरम कपाटातच जायची.

"नको," पिवळीताई म्हणाली. "राहू दे टेबलावर. उगाच करपतील."

बोलल्यावर तिला जे गार वाटलं, ते विचारू नका. शनिवार-रविवार ती घरात चक्क गाणं गुणगुणत होती. "आज स्वारी खुशीत दिसते!" आई म्हणाली.

सोमवारी सगळ्यांसमोर पट्टे सोडले आणि भस्सकन कापूस उडाला. टेबलावर, भावजयीच्या केसांत, साहेबांच्या मिशीत. भावजय रडकुंडीला आली. पिवळीताईने तोंडावर हात धरला. लोकांना वाटलं, बिचारीला धक्का बसला. ती हसू दाबत होती.

साहेब दोनदा शिंकले. मग मिशीतला कापूस हातावर घेऊन त्यांनी भिंग लावलं, आणि बराच वेळ वर बघेचनात.

"पिवळीताई, इकडे या. बी बघा बी!"

बी! नवशिक्यांना ती कानीकपाळी ओरडून सांगत आली होती, की फूल फसवतं, बी खरं बोलतं. आणि हेव्याच्या भरात नेमकी तीच विसरली होती. बियांवर नेहमीचे पांढरे केस नव्हते. विटकरी रंगाचे, पिसासारखे फुटलेले केस होते. करायला गेले काय आणि झालं काय!

"नुसत्या फुलावर मी मानलं नसतं," साहेब म्हणाले. "ही जात नवीन आहे. पण गरम कपाटात न ठेवण्याची अक्कल कुणाची?"

"ताईंची," भावजय म्हणाली.

"वाटलंच मला! याला म्हणतात अनुभव." खोलीभर टाळ्या पडल्या. पिवळीताईने मान हलवली. दुसरं काय करणार?

सगळे पांगल्यावर भावजय तिच्या खुर्चीपाशी आली. "ताई, खरं सांगू? कपाटाचा नियम मला पहिल्याच दिवशी शिकवला होता. पण तुम्ही नको म्हणालात ना. म्हटलं, ताई सांगतायत म्हणजे माझ्या भल्याचंच असणार. या फुलाला मी तुमचंच नाव देणार."

फुलाचा हेवा होताच, आता पिवळीताईला या पोरीच्या साध्या मनाचाही हेवा वाटला. आपण कुणावर असा डोळे मिटून विश्वास कधी टाकला होता? नको म्हणावं, सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण एवढ्या वर्षांत एकही फूल तिचं झालं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "पण साहेबांना आजच सांग. ते विसरतात."