एका पगारात अख्खं घर

शुक्रवारची दुपार. आखातातल्या धैद गावाजवळच्या शेतावर मरियमबी डाव्या हाताने भांडी घासत होती. उजवा हात गेल्या शनिवारी पाहुण्यांचे मासे तळताना तेलाने भाजला होता. नवरा मोहिद्दीन या शेताचा सुपरवायझर. नमाजाहून येऊन तो नुकताच टेकला होता. बारावीतली मुलगी इन्शा हिस्टरीचा प्रोजेक्ट घेऊन बसली होती.

"अम्मी, लिसन टू धिस," म्हणत तिने आईला समजेल असं सांगितलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात स्कॉटलंडमधल्या काही भागांत शेतमजुराला नोकरीवर घेताना अट असे, सोबत एक बाई आणायची. बायको, मुलगी, कुणीही. तीही मालकाच्या शेतात राबणार. बाई नसेल तर नोकरी नाही आणि राहायला खोपटंही नाही.

"त्यांना निदान अट सांगत तरी होते," मरियमबी म्हणाली.

मोहिद्दीनला कुणी काही सांगितलं नव्हतं. शेताचे मालक विलासशेठ. त्यांचा कारखाना हमरियाला, घर शहरात अल मजाजला. चार वर्षांपूर्वी त्यांनी एवढंच विचारलं, "फॅमिली आहे ना? आणा की, फार्मवर घर आहे." इथे साध्या कामगाराला बायकामुलं आणणं कुठलं जमतंय! मोहिद्दीनला आभाळ ठेंगणं झालं. मग दर सुट्टीला शेठचे वीस-वीस पाहुणे, त्यांचे घावणे, चादरी, बाथरूम, सगळं मरियमबीकडे. पगार एकाचाच. वर कौतुक, "मरियम घरचीच आहे." या 'घरचीच'ची मला भारी चीड येते.

तीनला शेठच्या पत्नी उर्मिलाबाईंचा फोन आला. मोहिद्दीनने स्पीकर लावला.

"मरियमचा हात अजून बरा नाही ना? डोन्ट वरी. आजपासून इन्शाला किचनमध्ये पाठवा."

"जी मॅडम," तो बोलून गेला आणि फोन ठेवला.

"बट अब्बा, माय बोर्ड्स..."

"दोन दिवसांचं तर काम. घर त्यांचं, व्हिसा त्यांचा. कुठे जाऊ तुम्हाला घेऊन?"

मरियमबी दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिलाही पहिल्यांदा दोन दिवसच सांगितले होते. तिने फोन उचलून उर्मिलाबाईंना परत लावला.

"मॅडम, इन्शा नाही येणार."

"अगं, ती काय परकी आहे? घरचीच ना?"

"मग तुमच्या अस्मीबरोबर अभ्यासाला बसवा, आत्ता पाठवते. तीपण बारावीलाच आहे. कामाला नाही पाठवणार. आणि आजपासून मीपण नाही. नोकरी यांची आहे."

"मी विलासशी बोलते," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मोहिद्दीन उठला, बसला, उगाच ग्रीनहाऊसचे पंखे बघून आला. "नोकरी गेली तर?"

"तर जाऊ. पण पोरीला या चुलीला बांधून मला इथे राहायचं नाही."

पाचला गाड्या आल्या. विलासशेठ उतरले. "किचन बंद का, मोहिद्दीन?"

त्याने वळून पाहिलं. मागे घराच्या खिडकीत पुस्तकावर वाकलेली इन्शा दिसत होती.

"सर, कामाला मी आहे," तो म्हणाला. "फक्त मी."

रविवारी त्याच्या हातात महिन्याची नोटीस पडली. इन्शाची परीक्षा तेवढ्यात आटपेल.

शेठला नावं ठेवणं सोपं आहे, वाचकहो. पण तुमच्या इमारतीत वॉचमन ठेवताना पगार एकाचाच ठरला होता ना? मग जिना त्याची बायको का झाडते? आणि ती आजारी पडली, की झाडू कोणाच्या हातात असतो?