माझे दोन इंच

नाही, तिकडे नाही. जरा वर बघा. अजून थोडं वर... हं, आता कसं! मी पिकअप बोलतेय. माझा रंग पांढरा आहे, म्हणजे होता. आता त्यावर ओरखडे, पोपडे आणि मधाचे डाग आपापली जागा धरून बसले आहेत. पण आज रंगाकडे बघू नका हो, आज माझी उंची बघा! कधीपासून कुणाला तरी सांगायचं होतं. बरे सापडलात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पुढे दोन दारं, मागे उघडा हौदा आणि हौद्याच्या टोकाला खाली पडणारा फाळका, असं आमचं घराण्याचं रूप. दिसायला आम्ही बेताच्या, पण पाठीच्या पक्क्या. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आता डोंगर तुडवायचे, नद्या ओलांडायच्या! आणि नशिबात आला फर्निचरवाला.

त्याच्याकडे मी वर्षानुवर्षं कपाटं आणि पलंग वाहिले. कपाट दारात पोचलं की घरातली सगळी माणसं बाहेर यायची. उचलणारे दोघं आणि सांगणारे दहा. "जरा तिरकं घ्या! अहो, तिरकं!" ज्यांचे हात रिकामे असतात त्यांचंच तोंड जास्त चालतं, हे मला तिथे कळलं. पुढे त्याने माझ्याहून मोठी गाडी घेतली आणि मला जुन्या गाड्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं. गरज सरो, वैद्य मरो. दुसरं काय!

तिथे मला आत्या भेटली. तिच्या भाच्याची ती आत्या, म्हणून हळूहळू सगळ्या आळीचीच आत्या झालेली. चणीने लहानखुरी, केस पिकलेले, बोलणं तिखट. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी माझं बॉनेट उघडायचं. ही बाई थेट मागे गेली, फाळक्याला छाती टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "बरोब्बर. हीच पाहिजे."

मला काही कळेना. मग कळलं, आत्या मधमाश्या पाळते. तिच्या पेट्या असतात लाकडी, आत मेणाच्या पोळ्यांच्या चौकटी टांगलेल्या. पेटी कलली की चौकटी एकमेकींवर आपटतात, मधल्या माश्या चिरडतात, आणि त्यात राणी माशी सापडली तर अख्खं घर बसतं. म्हणून पेटी उचलायची आत्याची एक रीत आहे. नवा माणूस शिकायला आला की ती रिकाम्या पेटीत विटा भरते, झाकणावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवते आणि म्हणते, "चढव गाडीत. पाणी सांडलं तर घरी जा." भाचासुद्धा याच पेल्यावर शिकला. कितीदा घरी गेला ते विचारू नका.

खालच्या मैदानातली फुलं संपली की आत्या पेट्या घेऊन वरच्या उतारावर जायची. तिथे निळ्या फुलांचा नुसता सडा पडतो. पण वाट मोठी खट्याळ. एका बाजूला कडा, एका बाजूला उतार, आणि मधोमध वर आलेला एक दगड. त्याचं नाव बेडूक. फोडायची सोय नाही, कारण त्याच्या पोटाखालून झरा निघतो आणि खालची सगळी वस्ती त्याच पाण्यावर आहे. बेडकाला चाकांच्या मध्ये घ्यायचं आणि पोट आवरून पुढे जायचं, हाच एक मार्ग.

पोट आवरायचं म्हणजे काय, ते मला विचारा! दरवर्षी मी घासत जायचे. आणि गेल्या हंगामात व्हायचं तेच झालं. बेडकाने माझी डिझेलची टाकी फाडली. भर उन्हात पेट्या भरलेल्या, डिझेल झऱ्याकडे जाऊ नये म्हणून आत्या ओंजळीने माती टाकतेय, आणि मला हलता येत नाही. त्या दिवशी पुष्कळ माश्या उन्हाने गेल्या. आत्या रडली नाही. मेलेल्या माश्या झाडून काढताना तिने एवढंच म्हटलं, "पुरे झालं आता. पेट्या देऊन टाकते कुणाला तरी."

मग मला पत्र्याखाली लावलं. टाकी सांधली, पण चावी कुणी फिरवीना. आरशावर कोळ्याने घर केलं, सीटवर मांजर व्याली. मांजरीचं कौतुक होतं मला, पण आत्या माझ्याकडे न बघता पुढून जायची, ते काही सहन व्हायचं नाही.

भाच्यालाही ते दिसत होतं. एके दिवशी सकाळी सकाळी त्याने पत्रा दणादणा वाजवला आणि आत्याला म्हणाला, "गाडी उंच करू! टायर मोठे टाकू! बेडकाच्या डोक्यावरून नेतो की नाही बघ!"

"आणि पडलास तर?"

"तू आधी चल तर. नाही पटलं तर दे पेट्या कुणालाही. मी अडवणार नाही."

ऐकलंत? माझी उंची वाढणार होती! इंजिन बंद असूनही माझ्या अंगातून शिरशिरी गेली.

आम्ही गेलो त्या गॅरेजवाल्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण त्याच्या तोंडी तोच एक शब्द. गॅरेजला लागूनच टायरचं दुकान. तिथे भाच्याचं जे झालं ते मी काय सांगू! मगरीच्या पाठीसारख्या नक्षीचे हे एवढाले टायर भिंतीला टेकवून ठेवले होते. तो त्यांच्यावरून हात फिरवत राहिला. "सहा इंच उचलू आणि हे घालू," तो म्हणाला. मीही मनातल्या मनात होकार देऊन टाकला. खोटं कशाला बोलू, मला ते सिंहासन वाटलं.

"सावकाश," सावकाश म्हणाला. "आधी नुसतं दाखवतो." त्याने मला जॅकवर चढवलं, खाली ओंडके लावले आणि मोठ्या टायरांसकट मी जितकी उंच झाले असते तितकं उंच करून ठेवलं. अहाहा! मला पलीकडची भिंत ओलांडून दुसरी गल्ली दिसली! शिंपी दुकान सोडून बघायला आला. भाच्याने सगळ्या बाजूंनी माझे फोटो काढले.

तेवढ्यात आत्याने विटांची पेटी आणली. येतानाच घेऊन आली होती, बोलली नव्हती. झाकणावर भरलेला पेला ठेवला, गुडघे वाकवले, पेटी उचलली. छातीपर्यंत ठीक. पण फाळका तिच्या हनुवटीशी. तिने टाचा उचलल्या, हात ताणले, पेटी कलली आणि सगळं पाणी तिच्या पदरावर.

भाचा पुढे झाला, "मी चढवत जाईन ना, आत्या."

"आणि मी काय करू?" आत्या पदर पिळत म्हणाली. "खुर्ची टाकून बसू? माझ्या पेट्या मला हात लावता येत नसतील तर वर जाऊन कुणाचं भलं होणार आहे, सांग की!"

माझा ताठा तिथेच उतरला. पलीकडची गल्ली दिसत होती खरी, पण आत्याचा हात माझ्यापर्यंत पोचत नव्हता. काय करायचीय असली उंची? भाच्याने एकदा त्या टायरांकडे बघितलं, एकदा आत्याच्या ओल्या पदराकडे, आणि म्हणाला, "उतरवा खाली. जेवढ्यास तेवढीच उचलू."

आता जेवढ्यास तेवढं म्हणजे किती? बेडकाची उंची काठीवर खूण करून आणलेली होती. पण माझं पोट रिकामेपणी मोजून उपयोग नाही; पेट्या भरल्या की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबतात आणि टाकी खाली येते. भरलेल्या पेट्या तर गॅरेजात आणता येत नाहीत. मग भाच्याने डोकं लढवलं. पेट्यांऐवजी माणसं बसवायची! वजन विचारायचं, बेरीज करायची, सगळ्या पेट्यांइतकं वजन भरलं की थांबायचं.

मग काय, जत्राच झाली. भाच्याचे वडील चढले, शिंपी चढला, टायरवाला चढला, रस्त्याने जाणारे दोघं उगाच चढले. भाच्याची आई डबा द्यायला आली होती, तिलाही बसवलं.

"आई, वजन?"

"पंचावन्न," ती झटकन म्हणाली आणि पदर सारखा केला.

पंचावन्न! माझ्या पाट्यांना विचारा! पण आपण कशाला कुणाच्या संसारात बोला, म्हणून मी नुसती कुरकुरले. खाली झोपलेला सावकाश काठी लावून ओरडला, "दीड इंचात भागेल वाटलं होतं, पण फारच दबतेय ही. दोन करावे लागतील."

पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे गेले, पुढच्या स्प्रिंगांवर जाड कड्या बसल्या. टायर मात्र आत्याने निवडले. टायरवाला पकड सांगत होता, टिकाऊपणा सांगत होता, आत्याचा एकच प्रश्न, "हादरतात किती?" मगरछाप टायर लावलेली एक गाडी दुकानासमोर होती. आत्या पेला मांडीवर घेऊन तिच्यात एक चक्कर मारून आली आणि पुन्हा पदर पिळत उतरली. "माश्यांना वेड लागेल," ती म्हणाली. मग मध्यम नक्षीचे, जाड गालांचे, माझ्या जुन्या मापाहून थोडेच मोठे असे टायर ठरले. मला ते असे बसले की जन्मतःच असावेत!

पुन्हा पेटी, पुन्हा पेला. शिंप्याने शिलाई थांबवली. आत्याने पेटी उचलली, छातीच्या वर नेली, फाळक्याच्या कडेवर टेकवली. पाणी काठाशी आलं, डुललं... आणि परत आत बसलं. आत्याने पेटी पुढे सरकवली.

"जमतंय," ती म्हणाली. भाच्याने एवढ्या मोठ्याने शीळ घातली की सीटवर अजून मांजरीची पिल्लं असती तर पळाली असती.

निघायच्या दिवशी, उजाडता उजाडता, आत्याने पेट्या स्वतः चढवल्या. एक, दुसरी, तिसरी... आणि ठरलेल्या झाल्यावर आणखी दोन! माश्यांची नवी घरं झाली होती.

"आत्या, हिशेबात नाहीत या!" भाचा ओरडला.

"मग काय, यांना इथे कुणाच्या जिवावर सोडू?"

झालं! आम्ही निघालो. बेडूक दिसला आणि माझी टाकी आतून थंड पडली. सगळे खाली उतरले. भाच्याची आईही आली होती, निळी फुलं बघायची म्हणून. भाचा एकटाच स्टीअरिंगवर. आत्या नेसत्या लुगड्यानिशी दगडाशेजारी पालथी झोपली आणि माझ्या पोटाखाली बघत हात हलवू लागली. "ये... ये... डावीकडे घे... ये..."

मी श्वास धरला. गाड्या श्वास धरत नाहीत म्हणता? मी धरला. बेडूक पोटाखाली आला. एवढंसं जरी टेकलं असतं तर आत्या पुन्हा कधी वर आली नसती, हे मला ठाऊक होतं आणि भाच्यालाही. खालून आत्याचं बोट आत शिरलं, दगड आणि टाकी यांच्यामध्ये.

"बोट जातंय!" ती किंचाळली. "अरे, अख्खं बोट जातंय! ये!"

आणि मी पार झाले! हॉर्न भाच्याने वाजवला की मीच वाजले, सांगता येत नाही.

भाचा उतरला तो डोकं खाजवतच. "दोन पेट्या जास्त होत्या. हिशेबाने घासायला हवी होती."

त्याची आई फुलांकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी वजन मी जरा कमी सांगितलं होतं."

"जरा?" आत्या धूळ झटकत उठली. "वहिनी, दोन पेट्यांचं वजन खाल्लंस तू!"

"बरं झालं की मग, वन्सं! खरं बोलले असते तर अडकला असतात!"

दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकवून हसायला लागल्या. माझे पाटे तेव्हा का कुरकुरले, हे आता सगळ्यांना कळलं.

तर सध्या मी वरच्या उतारावर उभी आहे. चहूकडे निळं, आणि कानात नुसता गुंजारव. एक माशी माझ्या आरशात स्वतःलाच भेटायला येते, रोज येते. तुम्ही गाड्या घेता, उचलता, सजवता, खुशाल करा. फक्त एक करा. जिचे हात त्या गाडीला लागणार, तिला आधी फाळक्याशी उभं करून बघा. निघा आता, तुम्हाला उशीर होईल, आणि इकडे आत्या येतेय.

दिवसाचं काम संपलं की ती माझ्या फाळक्यावर बसते. पूर्वी बसली की तिचे पाय खाली ठेवलेल्या रिकाम्या पेटीला टेकायचे. आता टेकत नाहीत. पहिल्या दिवशी तिने खाली बघितलं, थोडी थबकली, मग इकडेतिकडे कुणी नाही ना ते पाहिलं, आणि शाळकरी पोरीसारखे पाय हलवायला लागली. बघा, आताही हलवतेय.