दिवसपाळीतली सुई

शोकसभेला आम्ही तिघं होतो आणि सभा एका किड्याची होती.

"बसू नका," सासरे म्हणाले. "दोन मिनिटं शांतता. उभ्यानं."

आम्ही उभे राहिलो. बागेतल्या पाण्याच्या टाकीमागे, उरलेल्या एकुलत्या एका निलगिरीखाली, भर दुपारी. मी, माझी बायको आणि हातात घड्याळ धरलेले सासरे. लग्नाला पाच महिने झाले होते. सासरी जावयाला मान असतो असं ऐकून होतो, पण तो अशा कार्यक्रमांतून मिळतो याची कल्पना नव्हती.

सासऱ्यांचं बागेसमोर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या मोटारी, खोकणारे पंप, रुसलेले पंखे. सगळा धंदा कानावर. गिऱ्हाईक फोन करून तो नुसता पंपाजवळ धरतं. सासरे डोळे मिटतात आणि सांगतात, "पुढचं बेअरिंग गेलंय. आणि फोन मागे घे, भिजतोय." फोन खरंच भिजत असतो.

उन्हाळा तापला की हाच कान बागेकडे लागतो. झाडं किरकिरायला लागतात. बाकी जग त्या सगळ्याला रातकिडे म्हणून मोकळं होतं. मीही पहिल्याच भेटीत तेच केलं होतं.

"रातकिडे फार आहेत हो इकडे."

"किती वाजले?" सासऱ्यांनी विचारलं.

"अकरा."

"रात्रीचे?"

"नाही, सकाळचे."

"मग रातकिडे कसे? रातकिडे रातपाळीला. हे दिवसपाळीवाले." मग आत लेकीकडे बघून मोठ्यानं, "ठमे, शिकलेला आहे ना ग हा?"

दिवसपाळीत एकूण पाच जण. झाडाच्या सालीच्याच रंगाचे, त्यामुळे शोधून सापडत नाहीत. ओळखायचे ते आवाजावरून. नावं सासऱ्यांनीच ठेवलेली. नऊला 'गिरणी' सुरू होते, हळूहळू वेग घेते आणि शेवटी पट्टा घसरल्यासारखी बसते. अकराच्या सुमारास 'करवत', जाऊन येऊन, जाऊन येऊन. मग 'खुळखुळा'. संध्याकाळी 'फाटका स्पीकर', त्याच्याबद्दल कुणीच चांगलं बोलत नाही. आणि बाराच्या ठोक्याला 'सुई'. बारीक, सरळ, सगळ्यात वरची. सासऱ्यांच्या वहीत एकवीस उन्हाळ्यांची हजेरी होती. सुईच्या रकान्यात गेली दोन वर्षं फक्त आडव्या रेघा.

"गाणारे सगळे नर असतात बाबा," बायको एकदा म्हणाली होती. "तो सुई म्हणा."

"सुई ती असते," सासरे म्हणाले. "नर असला तरी."

दोन वर्षांपूर्वी बागेतल्या तीन निलगिऱ्या पाडल्या आणि त्यानंतर सुई ऐकू आली नाही. सासऱ्यांनी बागखात्याला सहा पत्रं लिहिली. सहाव्याला उत्तर आलं: 'सदर कीटक या कार्यालयाच्या नोंदीत नाही. सबब तो नाहीसा झाल्याची नोंद घेता येत नाही.' हे पत्र सासऱ्यांनी फ्रेम करून दुकानात लावलं आणि शोकसभेचा दिवस ठरवला.

तर, शांतता. पहिल्या मिनिटाला करवत दमून थांबली. दुसऱ्या मिनिटाला मला डोक्यावरून एक बारीक आवाज ऐकू आला. कानात कुणी दोरा ओवत असावं तसा, सरळ, मध्येच किंचित थरथरणारा. मी वर पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती वरच पाहत होती.

जिची शोकसभा होती ती स्वतः हजर होती आणि भाषण करत होती.

"झालं," सासरे म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. "चला."

घरी आल्यावर बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "ऐकलंस ना?"

"स्वच्छ."

"मग त्यांना का नाही?"

ती हे मला विचारत होती यात तिची चूक नव्हती. माझा धंदाच तो आहे. मी श्रवणयंत्रांच्या दुकानात लोकांचे कान तपासतो. वय झालं की सगळ्यात वरचे आवाज आधी जातात, अगदी चोरपावलांनी. माणसाला वाटतं जगच गप्प झालं. पण हे मी ज्यांना सांगायचं, ते कानावर जगत होते. लग्नाआधी मी फुकट तपासणीचं नुसतं सुचवलं, तर म्हणाले होते, "जावईबापू, तुम्ही माशाला पोहायला शिकवताय."

"नको सांगू," मी म्हणालो. "किडाच गेलेला बरा."

"म्हणजे कान शाबूत ठेवायला किडा मारायचा?"

"मारलेलाच आहे. आपण फक्त उठवायचा नाही."

"दर उन्हाळ्याला तुला तिथे उभं करतील ते. मला नाही, तुला. जावई म्हणून."

हा मुद्दा बिनतोड होता. शिवाय ते डोळे पुसणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं की आमच्या तपासणीच्या यंत्रातून घरघर येते, जरा ऐकून जा. खोटं होतं. ते लगेच आले, पाना घेऊन. मी त्यांना काचेच्या खोलीत बसवून हेडफोन दिले.

"आवाज आला की बोट वर करा. गेला की खाली."

"आणि घरघर?"

"मध्येच येईल."

खालचे आवाज दिले. बोट वर, खाली, वर, खाली. अगदी चोख, एखाद्या शिपायासारखं. मी वर वर गेलो. बोट रेंगाळलं. आणखी वर गेलो. बोट गुडघ्यावरच राहिलं. मी आवाज वाढवला. बोट तिथेच.

त्यांनी काचेतून माझ्या हाताकडे पाहिलं. बटण दाबलेलं होतं.

"चालू आहे?"

"चालू आहे."

"वाजतंय?"

"वाजतंय, बाबा."

हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "घरघर नाहीच तुझ्या यंत्रात."

"नाही."

"बेअरिंग किती वर वाजतं?"

"बरंच खाली. त्याला अजून पुष्कळ वर्षं काही होत नाही."

त्यांनी मान हलवली. मग एकदम ताठ बसले. "म्हणजे काल तुम्ही दोघं वर बघत होतात ते..."

"हो."

"होती?"

"होती. बाराला सुरू झाली."

"जिवंत आहे!" त्यांनी गुडघ्यावर इतक्या जोरात थाप मारली की बाहेर रांगेत बसलेले दोन आजोबासुद्धा दचकले, आणि त्या दोघांनाही फारसं ऐकू येत नाही. "अरे, मग सभा कसली घेतली आपण! किती वेळ वाजली? मध्ये थरथर होती का?"

"होती."

"तीच!"

यंत्र लावून सुई ऐकू येईल का, हेही त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं: बोलणं सुधारेल, पण सुईइतकं वर आमचं यंत्र पोहोचत नाही. "कौतुक आहे तिचं," ते म्हणाले.

संध्याकाळी बागखात्याला सातवं पत्र गेलं: 'सदर कीटक सुखरूप आहे. तपासणीअंती दोष तक्रारदारात आढळला. तसदीबद्दल क्षमस्व.' याला उत्तर अजून आलेलं नाही.

रविवारी बाराला आम्ही पुन्हा निलगिरीखाली होतो. सासऱ्यांनी सुईच्या रकान्याशेजारी नवीन रकाना आखला होता आणि वर लिहिलं होतं, 'ऐकणार: जावई'.

"आली की बोट वर," ते म्हणाले.

आली. मी बोट वर केलं. सासरे झाडाकडे नाही, बोटाकडे बघत होते.

"स्थिर धर. थरथरली की तेवढंच हलव."

मी तेवढंच हलवलं. त्यांचे ओठ किंचित हलत होते, मोजल्यासारखे. वही बगलेत, पेन्सिल कानावर. बागेत पोरं ओरडत होती, टाकीतून पाणी गळत होतं, आणि मी भर उन्हात बोट वर करून उभा होतो. मला अजिबात विचित्र वाटत नव्हतं.

"आता थांबेल," सासरे म्हणाले.

ती थांबली.

मी बोट खाली घेतलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.